हातान सांग

"तोंडान नको, हातान सांग," म्हणत आबा आपला तळवा समोरच्याच्या ओठांपुढे धरत.

संपात गिरणी सुटली तेव्हा ते विक्रोळीला आमच्या कारखान्यात आले. तिथे पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनत. चौदा प्रेस एकदम सुरू झाले की स्वतःची शिंकही ऐकू येत नसे, आणि मे महिन्यात छपराखाली माणसं झाकणांसारखी तापत. लूमवर शिकलेली हातांची भाषा आबांनी आम्हाला दिली. पोटावर गोल हात फिरवला की फोरमन. अंगठा ओठाला लावला की चहा. हवेत लिहून जांभई दिली की स्टोअरचा कारकून, म्हणजे मी.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, गोंगाटात मुरलेली, ज्यांना हळू बोलताच येत नाही. एका लग्नात मंगलाष्टकं थांबल्याबरोबर आबा माझ्या कानात कुजबुजले, "नवरो घामान भिजलो." अख्ख्या मांडवाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही स्वतःकडे पाहिलं.

कानात घालायला कंपनी कापूस देई. आबा तो कांजूरला घरी नेत आणि त्यांची बायको, आमच्या काकी, त्याच्या वाती वळत. विचारलं तर म्हणत, "माज्या कानापेक्षा देवाक गरज जास्ती."

मग एकदा कंपनीने कान तपासायला डॉक्टर आणला. जो नापास होईल त्याला प्रेसवरून काढून माझ्या स्टोअरमध्ये बसवणार होते. आबा हबकले.

"थंय बोलू कोणाशी?" माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. "ह्यो तर पुस्तकात तोंड घालून बसता."

शेजारच्या प्रेसवरच्या गायकवाडने तोड काढली. आबा कानांवर यंत्र लावून खिडकीकडे तोंड करून बसणार, डॉक्टर त्यांच्या पाठीमागे. डॉक्टरांनी आवाज सोडला की यंत्राला जोडलेल्या डब्यावर लाल दिवा लागे. तो दिसला की खिडकीबाहेर गायकवाडने टोपी उचलायची आणि आबांनी बोट वर करायचं. यादी लिहायला मी कोपऱ्यात होतो. आबा इतकं सुरेख ऐकू लागले की डॉक्टर मान खाली घालूनच दोनदा "वा" म्हणाले.

तेवढ्यात बाहेर चहावाला आला. गायकवाडने सवयीने अंगठा ओठाला लावला.

आबा ताबडतोब उठून दाराकडे निघाले. कानाची वायर ताणली गेली, टेबलावरचा डबा त्यांच्यामागून घसरू लागला, डॉक्टर त्याला मिठी मारून थांबा, थांबा ओरडत राहिले. आबांना अर्थातच काही ऐकू आलं नाही.

सोमवारी ते स्टोअरमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. दोन दिवस त्यांचे हात मांडीवर पडून होते. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. मी पुस्तक मिटलं, हवेत लिहिलं आणि जांभई दिली.

"जांभई मोठी व्हयी," आबा म्हणाले, आणि करून दाखवली.

पुढच्या तीन वर्षांत मी हातांनी जेवढं बोललो तेवढं तोंडाने आयुष्यात बोललो नाही. अर्ध्या कप चहाची खूण तर आमच्या दोघांचीच होती. तर्जनीच्या मधल्या पेरावर अंगठा.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी कांजूरला गेलो. फोटोपुढे समई होती. तिच्यातला कापूस मी ओळखला. काकींनी आतल्या दारातून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा ओठाला लावला.

मी तर्जनीच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवला.

काकी अर्धाच कप घेऊन आल्या.