मावशीच्या घराच्या चार दिशा

मी शिकलो दुसरीपर्यंत. पण डोणगावात कोणाला घर घ्यायचं-विकायचं असलं की तो वकिलाच्या आधी माझ्या ओट्यावर यायचा. दोघांची बोलणी जुळवायची, साक्षीदार गोळा करायचे, सगळ्यांना मोटारीत घालून मेहकरच्या रजिस्टर ऑफिसात न्यायचं आणि खरेदीखत करून संध्याकाळी परत आणायचं, हे माझं काम. माझ्या हातून एकही सौदा मोडला नाही. एक मोडता मोडता राहिला, तो सांगतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीतली एक विधवा मावशी घर विकत होती, शाळेतले गुरुजी घेत होते. मावशीची एकुलती लेक मलकापूरला, दिवस भरत आलेले, सासरी करणारं कोणी नाही. मावशीला दुसऱ्या सकाळी निघायचं होतं. त्या दिवशी खरेदी झाली नाही तर पुढं तीन दिवस ऑफिसाला सुट्टी, आणि गुरुजींना दिलेला शब्द अर्धा टाकून जाणारी ती बाई नव्हती. लेकरू काही सुट्ट्या पाहून जन्माला येत नाही.

खतात घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. त्याची माझी एक पद्धत होती. मनातल्या मनात त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. तोंडासमोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर. गावातली झाडून सारी दारं पूर्वेला, म्हणून कधी चुकलो नाही. ऑफिसाच्या आवारात खत लिहिणारा बसला होता. मावशीच्या दारासमोर मारुतीचं देऊळ, तेव्हा त्याला मी डोळे मिटून धडाधड सांगितलं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं : पूर्वेस मारुतीचं देऊळ.

मावशीनं शाई लावलेला आंगठा तसाच हवेत धरला.

"भाऊ, माह्या घरात दिवस मांगच्या दारातून येते अन् मारुतीच्या मांगं बुडते. तुम्ही त्याले उलटा काऊन उगवून राह्यले?"

साक्षीदार फिदीफिदी हसले. मी तापलो. इतकी खतं केली, आता दिशा मला बाईमाणसानं शिकवायच्या काय? मावशी म्हणाली, कागद सुधारल्याशिवाय आंगठा लागणार नाही. मी म्हणालो, कागद बरोबर आहे. ऑफिस बंद व्हायला तासभर उरलेला.

शेवटी मीच काडी घेऊन मातीत चौकोन काढला. मावशीला मधात उभं केलं, गुरुजींना पूर्वेला नेलं आणि सांगितलं, तुम्ही देऊळ. भला माणूस, हात जोडून उभा राहिला. दोन साक्षीदार दोन बाजूंची घरं झाले. मग मावशीला म्हणालो, आता दाराकडं तोंड करा. मावशी फिरली ती सरळ देवळाकडं पाठ करून. म्हणाली, या वेळेला दारात डोळ्यावर ऊन येते, मले काय समजते, घर सांगते.

ऊन कलतं होतं. ते नेमकं मावशीच्या डोळ्यांवर येत होतं.

गुरुजी हात न सोडता म्हणाले, "कागदात देऊळ घराच्या पूर्वेला, म्हणजे घर देवळाच्या पश्चिमेला. तिथं गावात काय आहे हो?"

"कोंडवाडा," एक साक्षीदार बोलला.

"म्हणजे कागदावर मी मोकाट ढोरांचा कोंडवाडा घेऊन राहिलो."

मग जे हसू फुटलं! खत लिहिणाऱ्याची दौत लवंडली. मावशी पदर तोंडात कोंबून हलत होती. कारकून खिडकीत येऊन विचारू लागला, इथं तमाशा कोणाचा आहे? मी चौकोनातच बसकण मारली, धोतर मातीत, डोळ्यांतून पाणी. तरी सांगून ठेवलं की दिशा माझ्या बरोबरच होत्या, मावशीच्या सासऱ्यानं दार उलटीकडं बसवलं.

चार शब्द खोडले, चार नवे लिहिले, प्रत्येक खाडाखोडीजवळ मावशीचा आंगठा. आम्ही पळतच आत शिरलो. साहेबानं विचारलं, बाई, राजीखुशीनं घर विकता ना?

"हाव साहेब. घर गुरुजीले देल्लं. कोंडवाडा या भाऊले राहू द्या."

साहेबानं हसू दाबत शिक्का मारला. सकाळच्या मोटारीत मावशीचं गाठोडं मीच चढवलं. आठवड्याभरात गुरुजींना कार्ड आलं : मावशी पोचली त्याच रात्री नात झाली, दोघी खुशाल. ते कार्ड मी गुरुजींकडून तीनदा वाचून घेतलं.