कुरडयांसाठी निवडलेल्या क्लिपा

डेकची पट्टी मोडली आणि माझी मोठी जाऊ गुडघ्यापर्यंत आत गेली. एक पाय डेकच्या खाली, दुसरा वर दुमडलेला, दोन्ही तळहात पट्ट्यांवर टेकलेले. वैशाखातली दुपार होती. त्या पट्ट्यांवर तेव्हा चपलेशिवाय पाय ठेवत नव्हतं कोणी.

"ओढ वं मले!"

मी काखेत हात घालून ओढलं. मोडलेल्या पट्टीची टोकं खाली वळली होती. वर ओढलं की ती तिच्या पोटरीत रुतायची. रक्त दिसलं तसं मी सोडून दिलं.

"पट्टी काढ मंग!"

"निंगत नाई. क्लिपा हायेत."

"कोनं लावाले सांगतल्या?" तिला माहीत होतं, तरी विचारलं.

मी सांगितल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलानं मालेगावच्या घरामागं हे डेक करून घेतलं. भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या, दिसायला सागवानासारख्या. संध्याकाळी चहा प्यायला म्हणे. वाशीमच्या मिस्त्रीनं ओट्यावर दोन नमुने मांडले. एकात वरून स्क्रू मारलेले, त्यांची डोकी दिसत होती. दुसऱ्यात काहीच दिसत नव्हतं. पट्टीच्या कडेला खाच, खाचेत स्टीलची क्लिप, क्लिपेतून स्क्रू खालच्या लोखंडी पाइपात. पुढची पट्टी सरकवली की सगळं झाकलं जायचं.

मिस्त्रीनं काही लपवलं नाही. म्हणाला, "आजी, वरून स्क्रू असले तं खराब झाली तेवढीच पट्टी काढता येते. क्लिपीत मधली काढाची म्हटलं तं भिंतीकडच्या शेवटच्या पट्टीपासून एकेक खोलत या लागते."

जाऊ लगेच म्हणाली, "स्क्रूच मार, बापू. उद्या खाली उंदीर मेला तं का नाकाले पदर लावून बसाचं?"

मी स्क्रूच्या डोक्यांवरून बोट फिरवलं. लागत होती. कुरडया घालायला जुनं लुगडं अंथरलं की ते अडकणार, आणि पावसाळ्यात गंजली की पुढच्या साली डाग पडणार. हे कारण खरं होतं. दुसरं कारणही खरं होतं, तिनं स्क्रू म्हटलं होतं. मी म्हटलं, "क्लिपा." मुलगा म्हणाला, "माय म्हणते तसं करा." या घरात माझ्या शब्दावर झालेलं ते पहिलं काम.

जुन्या हौदाजवळच्या कोपऱ्यात हौदाची कड आड आल्यानं मिस्त्रीला खालचा एक पाइप टाकता आला नव्हता. तिथं वजन देऊ नका, असं तो जाताना म्हणाला होता. मी ऐकलं होतं. तिनंही ऐकलं असेल. कुरडया पालटताना ती नेमकी तिथंच गेली, आणि मी काही बोलले नाही.

"पाणी टाक वं! भाजून राह्यली मी!"

बादली भरलेली होती. पण डेकवर दोन लुगडी भरून कुरडया होत्या, अर्ध्या वाळलेल्या. पाणी टाकलं असतं तर सगळ्यांचा लगदा झाला असता. मी लुगड्याची टोकं धरली आणि पहिलं लुगडं जपून ओसरीत नेलं. मग परत येऊन दुसरं नेलं.

ती बघत होती. "आंधी कुरडया?"

"आंधी कुरडया," मी म्हटलं.

मी या घरात नवी असताना उकळता चीक माझ्या मनगटावर सांडला होता. तेव्हा हिनंच सोऱ्या माझ्या दुसऱ्या हातात दिला होता. म्हणाली होती, आंधी कुरडया, मंग हात. तो डाग अजून आहे.

मग मी पाणी ओतलं. तिच्या तळहातांखाली ओलं पोतं सरकवलं. तळहातांची साल पट्टीवर राहिली होती. घरचे सगळे कारंज्याला लग्नाला गेले होते, म्हणून मी समोरच्या घरच्या पोराला हाक मारली. तो कुऱ्हाड घेऊन आला.

"ते ठेव तिकडं, मुडद्या," जाऊ म्हणाली. "तुया बापाचा पाय हाय काय?"

"मोठीमाय, मंग काय फुंकर मारू?"

तो भिंतीकडून खोलायला बसला. लाईट गेलेली होती, स्क्रू खोलायची मशीन चालत नव्हती. हातानं एकेक क्लिप खोलायची, पट्टी उचलून बाजूला ठेवायची, की पुढची क्लिप दिसायची. पाचव्या पट्टीपर्यंत ती मला, मिस्त्रीला आणि माझ्या माहेराला शिव्या देत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, गेली. रडू आलं नाही. तिच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, माझ्या येत नाही, एवढं मनात आलं.

नववी पट्टी निघाली तेव्हा घराची सावली डेकवर आली होती. पाय बाहेर आला. पोटरी हाडापर्यंत फाटली होती.

वाशीमला दवाखान्यात नेलं. तिला साखरेचा आजार. जखम भरली नाही, चिघळली, आणि महिन्याभरानं डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय कापला. मी डबा नेत होते. एकदा त्याच कुरडया तळून नेल्या. तिनं एक मोडून तोंडात टाकली.

"मीठ कमी हाय."

"तुमीच टाकलं होतं, बाई."

"मंग पाय गेला तो बरोबर झाला म्हन."

मी डबा पुढं सरकवला. तिनं दुसरी उचलली.

मुलगा डेक उखडून टाकायला निघाला होता. तीच नको म्हणाली. आता रोज सकाळी खुर्ची टाकून तिथं बसते आणि येईल त्याला दाखवते, "हे लहानीनं निवडलं." हौदाची कड फोडून पाइप टाकायचा आणि पट्ट्या पुन्हा बसवायच्या होत्या. मिस्त्रीनं विचारलं, या वेळी काय लावू? ती म्हणाली, "तिलेच इचार." मी क्लिपाच सांगितल्या. लुगडं अडकू नये म्हणून.

पट्टी मोडली तेव्हा डेकवर आम्ही दोघीच होतो. ती वाचली, एका पायानं. मलाही काही झालं नाही; तिला तिथं जाताना का अडवलं नाही, हे कोणी विचारलंच नाही.