दोघींची शीळ

जिन्याखालच्या दुकानात बसून जी बाई पँटच्या चेनी बदलून देते, ती पक्षी बघायला रानात जाते, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. तिला हे वेड लावलं तिच्या मैत्रिणीनं, निवृत्त नर्सबाईनं. आली होती पडदे शिवायला टाकायला, आणि मशीनवरची कात्री-टेप बाजूला सारून पक्ष्यांची चित्रं दाखवत बसली. "नवरा गेल्यापासून तू या मशीनलाच चिकटलीयेस. रविवारी चल माझ्याबरोबर," म्हणाली. शिवणवाली नाक मुरडत गेली, आणि मग एकही रविवार चुकवीना.

रानात हाका मारल्या की पाखरं उडून जातात, म्हणून दोघींनी एक शीळ ठरवून घेतली होती. दोन लांब, एक आखूड. मी इथे आहे, तू कुठेस? नर्सबाईच्या पुढच्या दातांत फट होती, त्यामुळे तिची आखूड शीळ नुसती फुस्स व्हायची. "गेली बघ किटलीची वाफ," शिवणवाली चिडवायची. साठी उलटलेल्या दोन बाया रानात शिट्या मारत हिंडतात हे कळल्यावर शिवणवालीच्या सुनेनं कपाळाला हात लावला होता.

त्या रविवारी शिवणवालीचे गुडघे कुरकुरत होते. "तू बस इथेच. मी ओढ्यापर्यंत जाऊन आलेच," असं म्हणून नर्सबाई दुर्बीण घेऊन गेली. 'आलेच' म्हणून गेलेलं माणूस कधी लवकर आलंय? शिवणवाली झाडाला टेकली, तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ऊन पार कलतीला लागलं होतं आणि डबा तिच्याच पिशवीत होता. नर्सबाईला शुगर होती. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं की तिला वेळेवर खावंच लागे. जन्मभर दुनियेला वेळच्या वेळी गोळ्या देणारी ही बाई, पण स्वतःच्या बाबतीत सगळा सावळा गोंधळ.

तिनं शीळ घातली. ओढ्याकडून लगेच उत्तर आलं. ती तिकडे धावली, तर तिथे कोणीच नाही. मग शीळ पाठीमागून आली. मग डावीकडून. दोन लांब, एक आखूड, शेवटपर्यंत स्वच्छ. ही शीळ नर्सबाईची नव्हती. शिवणवालीची स्वतःचीच होती.

कोतवाल नावाचा काळा पक्षी हुबेहूब नकला करतो, असं नर्सबाईनं एकदा सांगितलं होतं. इतके रविवार शिट्या मारून आपणच या रानाला पढवलंय की काय, असं शिवणवालीच्या मनात आलं. तिनं पाखरांची पर्वा सोडली आणि बेंबीच्या देठापासून हाका मारल्या. झाडांवरून एक थवा भर्रकन उठला आणि मग सगळं चिडीचूप झालं. पानही हलेना.

तेवढ्यात दूर चढावरून आली, दोन लांब आणि एक फुस्स.

"आले गं, आले!" काटे लागत होते, गुडघे ओरडत होते, तरी ती धावली. नर्सबाई एका झाडाच्या मुळांत कलंडली होती. घामानं निथळत होती, डोळे अर्धवट मिटलेले, दातखीळ बसलेली. शिवणवालीनं डब्यातला मध बोटानं तिच्या हिरड्यांना चोळला. "भवाने, मला एकटीला टाकून जाशील तर बघ," असं म्हणत ती रडत होती आणि चोळत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग नर्सबाईची जीभ हलली, आणि हळूहळू ती मध गिळू लागली.

"किती पळवलंस मला," बोलता आल्यावर ती पहिलं हेच म्हणाली. "ओढ्यापासून तुझ्या शिळेमागे येतेय. मला वाटलं, डबा घेऊन निघालीस. तर तू आपली पुढेच पुढे."

"मी? अगं, मी झाडाखाली झोपले होते."

नर्सबाईनं मान वळवून ओढ्याकडे पाहिलं.

"बरं झालं तरी तू शीळ घातलीस, म्हणून सापडलीस," शिवणवाली म्हणाली.

"मी कुठली घालतेय? तोंडाला कोरड पडली होती. एकदाही फुंक निघाली नाही गं."

वरच्या पानांत शीळ वाजली. दोन लांब, एक आखूड. पलीकडच्या झाडावरून तिला उत्तर आलं, दोन लांब आणि फुस्स. दुर्बीण नर्सबाईच्या गळ्यातच होती. पण वर बघावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

उरलेला डबा संपवून, अंगात जरा त्राण आल्यावर दोघी हात धरून उतरू लागल्या. मागे एक शीळ विचारत होती, दुसरी सांगत होती.

"आपल्यामागे यांचं असंच चालणार बघ," नर्सबाई हसून म्हणाली. "उद्या मी गेले, तरी तुला इथे भेटेनच."

"जीभ आवर आणि पायाखाली बघ," शिवणवाली खेकसली. पण मैत्रीण खरंच गेली, तर आपण इथे येऊ, रोज येऊ, दुकान बंद ठेवून येऊ आणि त्या फुस्समागे जाईल तिथे जात राहू, हे तिला आत्ताच कळून चुकलं होतं. तिला भीती वाटली ती त्याचीच.