देवीदानबाबा जामीन राहिले

वैताग साठत गेला की त्याचे किस्से होतात. आमच्या नवघरच्या बिल्डिंगमधले माझे निम्मे किस्से एकाच माणसाचे. शेजारचे देवीदानबाबा! राजस्थानातले चारण, म्हणजे राजांच्या दरबारातले कवी. मुलगा केबिन रोडला भांडी विकतो आणि बाबा जिन्यात बसून खानदान सांगतात.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाबा, पानी आया क्या?"

पाण्याऐवजी पूर्वज आले! त्यांनी म्हणे एका राजाला कवितेत तोंडावर झापलं. राजाने खूश होऊन अख्खं गाव दिलं, सारा माफ.

"और पानी?"

"उस गाँव में? तीन कुएँ थे, बहन!"

*

वॉचमन ड्युटीवर घोरत होता. बाबांनी त्याच्यावर खड्या आवाजात निंदेचं कवित्त रचलं. पूर्वी म्हणे अशा कवित्ताने सरदार गाव सोडून जायचे.

वॉचमनने ते मोबाईलवर रेकॉर्ड करून रिंगटोन लावली! "आंटी, मेरे पे पहली बार किसी ने कुछ लिखा है!"

*

डॉक्टरने विचारलं, "घराण्यात कुणाला शुगर होती?"

बाबा मूळपुरुषापासून सुरू! बाहेर पेशंट खोळंबले, सून रडकुंडीला आली.

"अहो, फक्त वडिलांचं सांगा!"

"उन तक पहुँचने तो दीजिए!"

*

आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. हंडे वाहून माझी कंबर गेली. चेअरमन भोईर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत महापालिकेचं गोडं पाणी वर चढवतो." मी म्हटलं, "तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

बाबा ताडकन उठले. "राजाओं के जामीन हम रहते थे. इनका जामीन मैं!"

दसरा गेला. भोईर म्हणाले, "बघू."

बाबांनी त्यांच्या दारात सतरंजी टाकली आणि अन्न सोडलं. वचन मोडलं की चारण असाच बसतो म्हणे! मी ओरडले, "शुगर है ना आपको? उठो! मैं हंडा उठाएगी!"

"पानी अब तेरा नहीं बहन, मेरी ज़बान का है."

आत भोईर तळलेले बोंबील खात होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईने मात्र ताट सारलं. "दारान मानूस उपाशी हाय, मना घास जात न्हाय." आणि ती बाहेर येऊन बाबांच्या शेजारी बसली! भोईरांची पळापळ झाली. संध्याकाळी माझ्या नळाला धो धो पाणी!

मी तांब्या भरून खाली धावले. बाबांनी सतरंजी गुंडाळली, तांब्या पुढे केला. "पहले माताजी."

म्हातारीने घोट घेतला आणि पचकन थुंकला.

"ह्यो तं बोरचा पानी हाय! खारा!"

बाबांनी सतरंजी परत अंथरली.

म्हातारी म्हणाली, "सरक जरा."