पहिल्या ताटाचा मानकरी

माझ्या साडूइतक्या थाटात आजारपण भोगलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी जळफळत सांगतो आहे. कळंबच्या सासुरवाडीत थोरला जावई म्हणून पहिलं ताट बावीस वर्षं माझं होतं. या धाकट्या जावयाच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली आणि ताट त्याच्याकडे गेलं. मला नुसता मधुमेह. त्याला कोण विचारतो?

डॉक्टरांनी चार भोकं पाडून त्याची गाठ काढली. ती भोकं तो बारशातसुद्धा शर्ट वर करून दाखवी. काही महिने पोटावर शौचाची पिशवी होती, तिचं कौतुक नव्या मोटारसायकलसारखं. "आता गाठीची कुंडली मांडतेत, साडभाऊ. मंग औषध ठरते. काहीकाहीले तं चिरतच नाहीत, आंगातले शिपाई जागे करतेत, तेच गाठ खातेत. पुढं तं रक्ताच्या थेंबातच गाठ समजन म्हन्तेत." मी बोलायला लागलो की कान कोरणारे सासरे याचं मात्र तोंड उघडं टाकून ऐकत.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे भेटेल त्याला विचारणं, "सकाळी साफ झाली? रक्त-बिक्त नाही ना?" एसटीत कंडक्टरला विचारलं, लग्नात भटजींना विचारलं. मला विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. दोन महिने रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून गप्प होतो. शिवाय थोरल्यानं धाकट्याची नक्कल केली, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि परस्पर दवाखान्यात माझा नंबर लावला. दुर्बीण आत गेली. मांसाचा एक कोंब सापडला, तो तिथल्या तिथे काढला. आठवड्यानं तपासणीचा कागद आला. कर्करोग नव्हता, पण कोंब तसाच राहिला असता तर पुढे झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

कागद घेऊन एसटीनं परतताना मी कुरकुरलो, "माह्याजवळ दाखवाले एक भोकही नाही."

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नशीबवान आहा तुमी. मले कोनी इचारलंच नोतं."

त्या दिवाळीत सासूबाईंनी सवयीनं पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते माझ्याकडे सरकवलं. मी परत त्याच्याकडे सरकवलं आणि हळूच विचारलं, "सकाळी साफ झाली? रक्त-बिक्त नाही ना?"

घास हातात धरून तो म्हणाला, "झाली, साडभाऊ. मले इचारनारे तुमीच पयले."