मागची भिंत कुणाची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही.

मी दासगावचा गवंडी. भूकंपात पोलादपूरच्या डोंगरातली घरं पडली, तेव्हा तिथल्या गवंड्यांना भक्कम बांधकाम शिकवायला मला नेमलं. दगडाची जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पदर, आतला आणि बाहेरचा. ते सुटू नयेत म्हणून मध्ये मध्ये लांब, आरपार दगड घालायचा. तो नसेल तर काम थांबवा — हे मी रोज घसा फोडून सांगायचो.

आणि मीच काय केलं?

कुडपणला बनूकाकूचं घर बांधत होतो. लांब दगड संपले. माझा सगळ्यात चांगला चेला सुरेश ते आणायला खाली गेला. बाकीचे गवंडी कौतुकानं माझा हात बघत होते... मला चेव चढला. मागची भिंत मी एकट्यानं उचलली, त्या दगडांशिवाय. सुरेश परतला तर भिंत तयार.

"दादा, हिच्यात लांब दगड हायत ना?"

"आहेत," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गिलावा करून टाकला.

घर पुरं झालं की मालक मिस्त्रीला नारळ आणि टॉवेल-टोपी देतो. मी मोठा उदार! माझ्याऐवजी सुरेशला पुढं केलं. काकूनं त्याच्या हातात नारळ ठेवला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

पुढच्या वर्षी जमीन पुन्हा हलली, आधीपेक्षा कमीच. तीन भिंती राहिल्या. मागची पडली, आणि काकू तिच्याखाली गेली.

मला ती भिंत उचलताना बघणारे गवंडी तेव्हा दूरच्या गावांत कामाला होते. काकूच्या मुलानं सगळ्यांसमोर विचारलं, "ही भिंत कोनाची?"

तेव्हा बोलता आलं असतं — एकच शब्द होता. मी म्हणालो, "नारळ ज्यानं घेतला, त्याची."

सुरेशनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दादा सांगतात तर तसंच आसंल." त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. आता तो वीर स्टेशनावर रिक्षा चालवतो. मी दिसलो की तोच मान फिरवतो. त्यानं का फिरवावी?

पण एवढ्यावर भागलं असतं तर... शिकवणं मी सोडलं नाही. प्रत्येक नव्या वर्गात लांब दगड हातात घेतो आणि सुरेशचं नाव सांगतो. त्यानं हा घातला नाही, एक बाई जिवानिशी गेली. धडा पक्का बसतो.

गेल्या आठवड्यात पोलादपूरला वर्ग होता. संपल्यावर मागे बसलेला एक जण पुढं आला. सुरेशचा धाकटा भाऊ. खाली बघत म्हणाला, "भावाची चूक माझ्या हातून नाय व्हायची, म्हणून आलोय."

म्हणजे सुरेशनं घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शाबास म्हणालो.