रेडिओवाल्या बाईचं पुढे काय झालं

दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात चिंचवडच्या टॉकीजला परग्रहावरच्या शत्रूंचा एक इंग्रजी सिनेमा हिंदीत लागला. मला तो माझ्या मैत्रिणीबरोबर बघायचा होता. पिंपरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या अब्बांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मागे त्यांचं घर. महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या आईने लगेच हो म्हटलं. प्रश्न तिच्या अब्बांचा होता. ते तिला कधी टॉकीजला पाठवत नसत.

आम्ही दोघी गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहिलो. ते एका स्कूटरचा कार्बोरेटर साफ करत होते.

"दुसऱ्या ग्रहावरचे लोक?" त्यांनी चिंधीला हात पुसत विचारलं. "येतात कशात बसून?"

"मोठ्या मोठ्या यानांत," मी म्हणाले.

"मग मीपण येतो. बघू तरी इंजिन कसलं आहे."

असे आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. अब्बा आमच्या दोघींच्या मधे बसले आणि सगळा वेळ पुढे झुकून पडद्याकडे बघत राहिले. भोवऱ्यासारखी गरगरणारी यानं आभाळातून उतरत होती, समुद्र गोठत होते, शहरं कोसळत होती. मध्यंतरात समोसा खाताना ते गंभीरपणे म्हणाले, "एवढ्या लांबून आले, पण त्यांच्याकडे एकपण मेकॅनिक दिसला नाही. मधेच बंद पडलं तर काय करणार?" आम्ही हसून हसून बेजार झालो. पण शेवटी ती यानं खरोखरच बंद पडून खाली आली, तेव्हा त्यांनी आमच्याकडे असं काही पाहिलं, जणू सिनेमा त्यांनीच लिहिलाय.

त्या सिनेमात एक बाई होती. बर्फाच्या डोंगरावर हवामान केंद्रात ती एकटी अडकलेली असते आणि रोज रेडिओवरून आपल्या हरवलेल्या नवऱ्याला हाक मारत राहते. शेवटी सगळं जग नाचत असतं, आणि ती थकून रेडिओ बंद करायला हात पुढे करते. तेवढ्यात त्यातून खरखरत एक आवाज येतो, "कोई है?" आणि पडदा काळा होतो.

घरी चालत येताना मी म्हणाले, "मस्त संपवलाय."

"संपला कुठे?" मैत्रीण म्हणाली. "ती बाई अजून डोंगरावरच आहे."

"शत्रू मेले की. आपण जिंकलो."

"जिंकलो, पण घरं सगळी पडली. पोरं कुणाची कुठे गेली ते माहीत नाही. उद्या सकाळी हे लोक खाणार काय? आणि तो आवाज कुणाचा?" ती रस्त्यातच थांबली. "दुसरा भाग येणार बघ. आलाच पाहिजे."

पुढची दोन वर्षं आम्ही त्या दुसऱ्या भागाची वाट पाहिली. तो येईना, तेव्हा आम्हीच तो रचायला लागलो. कॉलेजातून आल्यावर गॅरेजच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीत बसायचं. एक प्रसंग तिने सांगायचा, पुढचा मी. मी दर वेळी शत्रूंना परत आणायची. तिला त्यात रस नसे. तिच्या प्रसंगात माणसं विहिरी उपसायची, शाळा परत सुरू करायची, हरवलेल्यांच्या याद्या करायची. "तुझं मन नुसतं लढाईत," ती मला म्हणायची. डोंगरावरची बाई मात्र आम्ही खाली आणली नव्हती. आवाज नवऱ्याचा होता असं मैत्रीण म्हणे. मी म्हणे, दुसऱ्या कुणाचा तरी. त्यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि ती सोलापूरला गेली. तिच्या सासरची बेकरी होती. तीन-चार महिन्यांनी तिचं अंतर्देशीय पत्र आलं. त्यात घरचं काहीच नव्हतं. बारीक, सरळ अक्षरात पत्रभर तिने दुसऱ्या भागाचा पहिला प्रसंग लिहिला होता. बाई रेडिओ पाठीला बांधून एकटीच डोंगर उतरते. खाली एक गाव लागतं. तिथे कुणी तिची भाषा बोलत नाही, पण तिला भाकरी देतात. शेवटी एकच ओळ होती, "आता पुढचं तू लिही."

मी लिहिलं नाही. तेव्हा माझा डिप्लोमा चालू होता. परीक्षा झाली की सविस्तर लिहू, असं ठरवलं. मग चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली. पहाटे कंपनीची बस, आल्यावर झोप, मग लग्न, मुलगा. पत्र मी जपून ठेवलं होतं, फक्त उत्तर द्यायचं राहिलं. मधे रस्ता रुंद झाला, त्यात गॅरेज गेलं आणि तिच्या घरचेही कुठेतरी दुसरीकडे राहायला गेले. एके दिवशी लक्षात आलं, की आता उत्तर लिहिलं तरी पाठवायचं कुठे हे आपल्याला माहीत नाही. पत्रावर तिने पत्ता घातलाच नव्हता; तेव्हा तो गॅरेजमध्ये विचारता आला असता.

आणि मग, वीस वर्षं उलटून गेल्यावर, त्या सिनेमाचा दुसरा भाग आला.

मला तो बसच्या पाठीवरच्या जाहिरातीत दिसला. मी एक दिवसाची रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं, तर विभागातली मुलं हसली. "ताई, एलियनच्या पिक्चरला रजा?" मी दुपारच्या खेळाला एकटी गेले. यानं आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. पहिल्या दहा मिनिटांतच एक अधिकारी दुसऱ्याला सांगतो, की डोंगरावरच्या त्या केंद्रातली बाई लढाईनंतर तिथेच मेली. एवढंच एक वाक्य. त्या आवाजाचं तर कुणी नावही काढलं नाही. पुढचे दोन तास काय झालं ते मला आज सांगता येणार नाही.

बाहेर आले तर अंगाचा तिळपापड झाला होता. इतका राग येण्यासारखं काय होतं हे मला नवऱ्याला सांगता आलं नसतं, मुलाला तर नाहीच. जिला सांगता आलं असतं अशी जगात एकच बाई होती.

पिंपरीच्या बाजारात दोन-तीन जुन्या मेकॅनिकांना विचारलं, तेव्हा तिसऱ्याने देहूरोडच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. रविवारी सकाळी मी गेले. ते तिच्या चुलतभावाचं होतं. दारात खुर्ची टाकून अब्बा बसले होते. दाढी पांढरी झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. मी कोण ते सांगायच्या आधीच, नुसत्या नमस्कारावरून त्यांनी मान वर केली.

"शाळेतली?"

"हो अब्बा."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. कशी आलीस म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, त्या सिनेमाचा दुसरा भाग आलाय. ते जरा आठवत राहिले.

"आता तरी मेकॅनिक आणला होता का त्यांनी?"

"नाही."

"मग परत हरले असतील," ते म्हणाले आणि पुतण्याला हाक मारून तिला फोन लावायला लावला.

फोन माझ्या हातात आला. पलीकडून विचारणा झाली, "कोण बोलताय?" मी सांगितलं.

"तुम्ही कशा आहात?" ती म्हणाली.

"मला तुम्ही काय म्हणतेस?"

"सवय गेली गं," ती हसली. "इथे मराठीत बोलायला दुकानातली गिऱ्हाइकंच. त्यांना तुम्हीच म्हणते."

मी घाईघाईने सिनेमाचं सांगायला लागले. तिनेही तो पाहिला होता, मुलींबरोबर मोबाइलवर.

"चांगला होता की," ती म्हणाली. "पोरींना आवडला."

"आणि ती रेडिओवाली? एका वाक्यात मारून टाकली तिला."

"कोण रेडिओवाली?"

मी तिला सगळं सांगितलं, डोंगर, नवरा, तो आवाज. ती हं हं करत होती. तिला त्या दिवसाचा समोसा आठवत होता, आणि टॉकीजमधल्या पंख्याखाली बसायला मिळालं होतं ते. बाई आठवत नव्हती.

दोन महिन्यांनी अब्बांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती पिंपरीच्या महापालिकेच्या दवाखान्यात आली. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेले. ती जाड झाली होती, चालताना गुडघा धरत होती. पण हसताना तोंडावर हात ठेवायची सवय तशीच होती. आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. मी पर्समधून पत्र काढून दिलं. तिने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हे मी लिहिलंय?" ती म्हणाली. "अक्षर चांगलं होतं गं माझं."

"मी उत्तर दिलं नाही तुला."

"दिलं नाहीस का?"

"नाही."

तिने पत्राची घडी घातली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मग वाट पाहिली असणार मी. आता आठवत नाही. पण तेव्हा तिथे माझं कुणी नव्हतं. रोज पोस्टमन यायच्या वेळी दुकानात बसायचे, ते आठवतं. ते कशासाठी, ते विसरले होते."

तिने माझ्या मांडीवर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. तेवढ्यात नर्सने अब्बांचं नाव पुकारलं आणि ती उठून गेली. पत्र तिने मला परत दिलं नाही. मीही मागितलं नाही.

आता आम्ही फोनवर बोलतो. मुलींचं कॉलेज, अब्बांच्या डोळ्यांचे थेंब, गुडघे, बेकरीतली गर्दी. ती चांगली बोलते, मनापासून बोलते. मी ऐकते, आणि कधीतरी मधेच वाटतं, आता ती थांबेल आणि विचारेल, "पण उद्या सकाळी हे लोक खाणार काय?" ती तसं विचारत नाही. विचारावं असं तिच्या आयुष्यात आता काही उरलेलं नाही, की मलाच तसं काही विचारावं असा भरवसा तिला आता वाटत नाही, हे मला कळलेलं नाही.

असल्या सिनेमांना दुसरा भाग हवा का, असं कंपनीच्या बसमध्ये मुलं मधून मधून भांडतात. नुसते पैशासाठी काढतात, असं म्हणतात. खरं असेल. मी मधे बोलत नाही. तिसरा भागही येणार आहे, असं त्यांच्याकडूनच कळलं. आला की मी जाणार आहे. एकदा तिला विचारून बघेन, पण सिनेमासाठी सोलापूरहून कोण येतं.